लोह आणि उगम एकाच माथ्यावर

झारखंडमधील सारंडाच्या जंगलाचा सुमारे ३१४ चौरस किलोमीटर भाग अभयारण्य म्हणून अधिसूचित करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. त्याआधी जून २०२४ मध्ये कर्नाटकातील संडूरच्या देवदारी डोंगरावरून केंद्र आणि राज्य यांच्यात जुंपली होती. केंद्रीय पोलादमंत्र्यांनी एका सार्वजनिक कंपनीच्या लोहखाणीचा मार्ग मोकळा केला आणि काही दिवसांतच राज्याच्या वनमंत्र्यांनी ती वनजमीन कंपनीच्या ताब्यात देऊ नये, असे आपल्या खात्याला बजावले. दोन्ही बातम्यांची मांडणी नेहमीप्रमाणे ‘विकास विरुद्ध पर्यावरण’ अशी झाली. दोन्हींच्या मुळाशी मात्र खडकांविषयीचा एक साधा प्रश्न आहे आणि धोरणाच्या चर्चेत तो क्वचितच विचारला जातो. आपल्या देशात लोहखनिज वारंवार डोंगराच्या माथ्यावर, नदीच्या उगमापाशीच का सापडते?

या प्रश्नाचे उत्तर सर्वांत स्पष्ट वाचता येते ते पश्चिम घाटातील कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यानात. देवदारीसाठी आज प्रयत्न करणारी कंपनी हीच पूर्वीची ‘कुद्रेमुख आयर्न ओर कंपनी’. तिने या उद्यानाच्या डोंगरावर पाव शतक खाणकाम केले आणि २००५ च्या अखेरीस न्यायालयाच्या आदेशामुळे ते थांबवले. खाण बंद झाल्याला दोन दशके उलटली आहेत. एवढ्या काळानंतर एखाद्या निर्णयाचा हिशेब शांतपणे मांडता येतो. सारंडा आणि देवदारीविषयी मत बनवण्यापूर्वी तो मांडला पाहिजे, असे मला वाटते.

कुद्रेमुख म्हणजे घोड्याचे तोंड. अरबी समुद्राच्या बाजूने पाहिले असता शिखराचा आकार तसा दिसतो, म्हणून हे नाव. शिखराची उंची सुमारे १,८९० मीटर, उद्यानाचे क्षेत्र सुमारे ६०० चौरस किलोमीटर आणि विस्तार चिक्कमगळूरु, उडुपी व दक्षिण कन्नड या तीन जिल्ह्यांत. मराठी वाचकाच्या मनात सह्याद्री म्हटले की काळ्या बसाल्टचे कडे उभे राहतात. तो बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. गोवा आणि बेळगावच्या आसपास हे लाव्हाचे थर संपतात आणि त्याखालचा कितीतरी जुना पाया उघडा पडतो. कुद्रेमुखचा डोंगर त्या पायाचा आहे. येथील लोहधारी खडक भूवैज्ञानिक धारवाड समूहात मोजतात आणि त्यांचे वय अडीचशे कोटी वर्षांहून अधिक आहे. सह्याद्रीची रांग नकाशावर एकच दिसत असली, तरी तिच्या उत्तर आणि दक्षिण भागांतील खडकांच्या वयात पृथ्वीच्या अर्ध्याहून अधिक आयुष्याचे अंतर आहे.

त्या काळी हवेत मुक्त प्राणवायू जवळजवळ नव्हता. समुद्राच्या पाण्यात लोह विरघळलेल्या अवस्थेत होते. सूक्ष्म जीवांच्या प्रकाशसंश्लेषणातून थोडाथोडा प्राणवायू मोकळा होऊ लागला, तसे हे लोह पाण्याबाहेर पडून तळाशी बसू लागले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. लोहाचा एक पातळ थर, त्यावर सिलिकाचा एक पातळ थर, अशी ही बैठक लाखो वर्षे चालली. पुढे उष्णता आणि दाब यांनी हे थर घट्ट झाले, मुडपले गेले, उभे झाले. आज कुद्रेमुखच्या खडकाचा तुकडा कापला तर त्यात काळ्या आणि पांढुरक्या पट्ट्यांची दाट वीण दिसते. काळा पट्टा मॅग्नेटाइटचा, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाचा, आणि पांढुरका गारेचा. भूवैज्ञानिक याला पट्टेदार लोहस्तर म्हणतात. गोव्याचे लोहखनिज याच जातीच्या खडकातून आले, बळ्ळारी आणि संडूरचेही. छत्तीसगडमधील बैलाडिला, झारखंडमधील सारंडा आणि आपल्या गडचिरोलीतील सुरजागड येथील डोंगरही याच जातीच्या खडकाचे आहेत.

या खडकाचा एक गुणधर्म धोरणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. गार अत्यंत कठीण असते आणि पावसापाण्याने सहजासहजी झिजत नाही. भोवतालचे मऊ खडक झिजून दऱ्या होतात आणि पट्टेदार लोहस्तराचा कणा उंच रांगेच्या रूपाने उभा राहतो. त्यामुळे लोहखनिज माथ्यावर असणे हा योगायोग ठरत नाही; लोहखनिजाच्या कठीणपणामुळेच तो माथा झालेला असतो. उंच रांग मोसमी ढग अडवते. तिच्यावर पाऊस अधिक पडतो आणि दोन्ही उतारांवर नद्या उगम पावतात. कुद्रेमुखच्या परिसरात वर्षाला सहा ते सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो. याच रांगेतील गंगामूळ येथे तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तिन्ही नद्यांचा उगम मानला जातो. पहिल्या दोन पूर्वेकडे जाऊन तुंगभद्रा होतात आणि कृष्णेला मिळतात. तिसरी पश्चिमेकडे मंगळूरुला समुद्राला मिळते. बैलाडिलाच्या उतारावरून शंखिनी आणि डंकिनी वाहतात, सारंडातून कोयना आणि कारो. घोड्याचे तोंड, बैलाचे वशिंड (बैलाडिला या नावाचा अर्थ तोच) अशी नावे स्थानिक लोकांनी या रांगांना दिली, कारण त्या दुरूनही उठून दिसत. ज्या कारणाने त्या उठून दिसतात, त्याच कारणाने त्या खाणकंपनीला हव्या असतात.

सरकारी व्यवस्थेत मात्र या एकाच माथ्याच्या दोन फायली होतात. खनिजाची फाइल खाण व पोलाद मंत्रालयांत फिरते. तिच्यात साठा किती टन आणि लोहाचे प्रमाण किती टक्के, हे लिहिलेले असते. पाण्याची आणि जंगलाची फाइल दुसरीकडे असते. या दोन फायली एका टेबलावर येतात तेव्हा बहुधा ते टेबल न्यायालयाचे असते आणि तोवर डोंगराचा बराच भाग खोदून झालेला असतो. कुद्रेमुखची कथा याच क्रमाने घडली.

येथील लोहसाठ्याची नोंद जुन्या म्हैसूर संस्थानाच्या भूवैज्ञानिकांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच केली होती. पण खडकातील लोहाचे प्रमाण ३८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे कमी, वाहतूक अवघड. १९६९ मध्ये सुमारे ४,६०० हेक्टरांचा खाणपट्टा तीस वर्षांसाठी दिला गेला, तरी भांडवल नव्हते. ते आले इराणमधून. १९७३ नंतर तेलाच्या पैशाने श्रीमंत झालेल्या इराणच्या शहांना पोलादाचे कारखाने उभारायचे होते. नोव्हेंबर १९७५ मध्ये करार झाला. इराणने ६३ कोटी डॉलरचे कर्ज द्यायचे आणि भारताने त्या बदल्यात एकंदर १५ कोटी टन संस्कारित खनिज पुरवायचे, असे ठरले. देशात आणीबाणी होती. एप्रिल १९७६ मध्ये कंपनी स्थापन झाली. पर्यावरणीय मंजुरी नावाची पायरी तेव्हा अस्तित्वात नव्हती आणि वनसंवर्धन कायदा यायला आणखी चार वर्षे होती. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, शहांची राजवट गेली आणि ज्याच्यासाठी हा प्रकल्प आखला होता तो ग्राहकच नाहीसा झाला. १९८० मध्ये खाण मात्र ठरल्या वेळी तयार झाली. मग तिच्यासाठी ग्राहक शोधणे सुरू झाले. परदेशाच्या गरजेपोटी आखलेला प्रकल्प ती गरज संपल्यावरही चालू राहतो, कारण तोवर त्यात पैसा, यंत्रे आणि माणसे गुंतलेली असतात. राष्ट्रहित हा शब्द त्याला पुढे जोडला जातो.

तंत्रदृष्ट्या प्रकल्प कौतुकास्पद होता, हे नाकारण्याचे कारण नाही. मॅग्नेटाइट चुंबकाला चिकटते, म्हणून खडक बारीक दळून चुंबकाने लोह वेगळे काढता येते आणि ३८ टक्क्यांच्या खडकातून ६७ टक्के लोह असलेली भुकटी मिळते. ही भुकटी पाण्यात कालवून ६७ किलोमीटर लांबीच्या नळातून घाट उतरवून मंगळूरुच्या बंदराजवळ नेली जाई. पुढे तेथे पेलेट बनवण्याचा कारखानाही उभा राहिला. अडचण उरलेल्या खडकाची होती. वर्षाला ७५ लाख टन भुकटी काढायची तर सव्वादोन कोटी टनांच्या आसपास खडक दळावा लागे. म्हणजे साधारण तीन टन खडकामागे एक टन माल आणि दोन टन गाळ. हा गाळ साठवण्यासाठी भद्रेला मिळणाऱ्या लाख्या ओढ्यावर सुमारे शंभर मीटर उंचीचे धरण बांधण्यात आले. ओढ्याचे खोरे गाळाने भरत गेले.

येथे खडकाचा आणि पावसाचा आणखी एक संबंध लक्षात घ्यावा लागतो. कुद्रेमुखमध्ये प्रामुख्याने खणला गेला तो वरचा, हजारो पावसाळ्यांनी सडवलेला खडक. पाण्याने त्यातील काही सिलिका धुऊन नेली होती, मॅग्नेटाइटचे अंशतः हेमॅटाइट झाले होते आणि खडक ठिसूळ झाला होता. त्याखालचा मूळ खडक फार कठीण. तो फोडणे आणि दळणे बरेच महाग. म्हणजे जो मुसळधार पाऊस या डोंगराला जैवविविधतेचे आगर बनवतो, त्यानेच खनिज स्वस्त केले. आणि खाणीने वरची झाडी व गवत काढून टाकल्यावर त्याच पावसाने उघडी माती आणि खनिजाची बारीक पूड भद्रेत नेली. पाणलोट क्षेत्राचा लहानसा भाग खाणीखाली असूनही नदीतील गाळाचा मोठा वाटा त्या भागातून येतो, असे त्या काळी संशोधकांनी नदीच्या पाण्याचे मोजमाप करून दाखवले. खाली लक्कवळ्ळी येथे भद्रेचे धरण आहे आणि त्यावर मोठे सिंचनक्षेत्र अवलंबून आहे. धरणात येणारा सगळा गाळ खाणीचा नव्हता. शेती, रस्ते आणि वृक्षतोड यांचाही त्यात वाटा होता. पण खाणीच्या ताळेबंदात आपल्या वाट्याच्या गाळाची एकही नोंद नव्हती.

सप्टेंबर १९८७ मध्ये कर्नाटक सरकारने या परिसराला राष्ट्रीय उद्यान करण्याचा इरादा जाहीर केला. सिंहपुच्छी वानरांची येथील संख्या हे त्यामागचे एक मोठे कारण होते. अंतिम अधिसूचना निघाली ती जून २००१ मध्ये. मधल्या चौदा वर्षांत एकच सरकार एकाच डोंगराला उद्यान आणि खाण अशी दोन्ही नावे देत राहिले. १९९९ मध्ये खाणपट्ट्याची मुदत संपली तेव्हा निर्णय घेण्याची वेळ आली होती. त्याऐवजी तात्पुरत्या परवानग्यांवर काम चालू ठेवण्यात आले. अखेर के. एम. चिन्नप्पा या निवृत्त वनाधिकाऱ्यांच्या अर्जावर ३० ऑक्टोबर २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. आधीच खणलेल्या क्षेत्रातील सडलेले, दुय्यम खनिज संपवण्यापुरती २००५ च्या अखेरपर्यंतची मुदत द्यावी, ही वनविषयक सल्लागार समितीची शिफारस न्यायालयाने मान्य केली. भूविज्ञानातील एका संज्ञेने न्यायालयीन मुदत ठरवावी, असे फार थोड्या निकालांत घडले असेल. तो निकाल वाचताना मला नेहमी वाटते की, ही तडजोड योग्य होती. पण ती करण्याचे काम १९९९ मध्ये किंवा त्याहीपूर्वी मंत्रिमंडळाचे होते.

खाण बंद झाली तर अर्थव्यवस्थेला धक्का बसेल, असा इशारा त्या वेळी दिला जात होता. आज त्याची पडताळणी शक्य आहे. २०२३-२४ मध्ये देशातील लोहखनिजाचे उत्पादन २७ कोटी टनांहून अधिक झाले. कुद्रेमुखची कमाल क्षमता ७५ लाख टन होती. पोलाद उद्योग थांबला नाही. नुकसान झाले ते कामगारांचे आणि त्यांच्यावर चालणाऱ्या बाजारपेठेचे. डोंगरात वसवलेली कंपनीची वसाहत ओस पडत गेली. हे नुकसान खरे होते. खनिज संपणारच आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत असताना त्या माणसांच्या पुढच्या आयुष्याची आखणी कोणी केली नव्हती, हे त्यामागचे कारण होते.

डोंगराचे काय झाले, हा प्रश्न अधिक अवघड आहे. कारकळहून घाट चढून या रस्त्याने मी अनेकदा गेलो आहे. जंगल, गवताळ माथे आणि घळ्यांमधली शोला वने पाहणाऱ्याला हा प्रदेश अस्पर्श वाटावा, इतका तो सुंदर आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाच्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात हे उद्यानही आहे. पण त्याच उद्यानाच्या परिसरात कोट्यवधी टन गाळ अडवून लाख्याचे धरण उभे आहे. खनिज संपल्यावर खाण बंद होते. गाळाच्या धरणाला मात्र निवृत्ती नसते. दर पावसाळ्यात त्याच्या सांडव्याची, पाझराची आणि भिंतीची तपासणी झाली पाहिजे, आणि हे अनिश्चित काळापर्यंत. ब्राझीलमध्ये २०१५ मध्ये मारियाना आणि २०१९ मध्ये ब्रुमाजिन्यो येथे लोहखाणींची गाळधरणे फुटली. दुसऱ्या दुर्घटनेत सुमारे २७० माणसे मेली. ती धरणे वेगळ्या पद्धतीने बांधलेली होती, त्यामुळे सरसकट तुलना चुकीची ठरेल. धडा एवढाच की, बंद खाणीचे गाळधरण हा चालू खर्च आहे आणि तो कोणी, किती वर्षे करायचा, हे लिहून ठेवावे लागते.

आपल्या नियमांत खाणसमाप्तीचा आराखडा सक्तीचा झाला तो २००३ मध्ये, म्हणजे कुद्रेमुखच्या निकालानंतर. तो आराखडा पाळला जावा म्हणून कंपनीकडून आर्थिक हमी घेतली जाते. पण ती हेक्टरी काही लाख रुपयांच्या घरात असते. सपाट जमिनीवरच्या उथळ खाणीला आणि सात हजार मिलिमीटर पावसाच्या डोंगरावरील गाळधरणाला हेक्टरच्या एकाच मापाने मोजणे म्हणजे पडवी आणि पूल यांच्या दुरुस्तीसाठी एकच रक्कम ठेवण्यासारखे आहे. वनजमिनीच्या बदल्यात घेतल्या जाणाऱ्या निव्वळ वर्तमान मूल्याची गतही अशीच आहे. ते जंगलाच्या प्रकारावर आणि झाडांच्या छत्राच्या घनतेवर ठरते. लोहधारी माथ्यांवर मात्र माती पातळ असते आणि तेथे बहुधा गवताळ कुरणे असतात. झाडे कमी म्हणून मूल्य कमी, असा निष्कर्ष निघतो. वस्तुतः पाऊस जिरवून नदीला बारमाही ठेवण्यात याच कुरणांचा आणि त्यांच्या कुशीतल्या शोला वनांचा मोठा भाग असतो.

२०२४ मधील देवदारीचा वाद या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. कुद्रेमुखमध्ये झालेल्या वनहानीच्या भरपाईविषयीच्या अटी कंपनीने पूर्ण केलेल्या नाहीत, हे राज्याच्या आक्षेपाचे एक प्रमुख कारण होते. सुमारे चारशे हेक्टर वनजमीन आणि लाखाच्या घरातील झाडे यांचा प्रश्न तर आहेच. केंद्राची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. मंगळूरुचा पेलेट कारखाना गेली वीस वर्षे दूरवरून आणलेल्या खनिजावर चालवावा लागत आहे आणि ते अतिशय महाग पडते. ते खनिज कोठून येते? मुख्यतः छत्तीसगडमधून, बैलाडिलाच्या रांगेतून. एका माथ्यावरची खाण बंद झाली आणि भार दुसऱ्या माथ्यावर गेला. आता तिसऱ्या माथ्याची मागणी आहे. एकेका डोंगराचा खटला लढवून हा प्रश्न सुटणार नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

राष्ट्रीय उद्यान जाहीर करणे हे पुरेसे उत्तर आहे, असेही मी म्हणणार नाही. कुद्रेमुखच्या जंगलात मलेकुडिया आदिवासी आणि छोटे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. कंपनीला पाव शतक डोंगर खोदू दिला गेला आणि उद्यान झाल्यावर ‘बाहेर पडा’ असे प्रथम ऐकावे लागले ते या कुटुंबांना. त्या असंतोषाचा फायदा २००३ नंतर नक्षलवाद्यांनी उचलला आणि मलनाडच्या शांत डोंगरात अनेक वर्षे बंदुकीची भाषा ऐकू आली. सारंडाच्या आदेशात वनहक्क कायद्याखालील अधिकार अबाधित राहतील, असे न्यायालयाने स्पष्ट केले आहे. झारखंडच्या प्रशासनाने हा भाग अधिसूचनेच्या तळटीपेत ढकलू नये. डोंगराचा राखणदार आणि डोंगराचा अतिक्रमक यांना एकाच नोटिशीत बसवण्याची चूक आपण एकदा केली आहे.

खनिजांची मागणी वाढणार, हे गृहीत धरूनच धोरण आखावे लागेल. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन पोलाद उत्पादनक्षमतेचे लक्ष्य ठेवले आहे. २०२३ च्या कायदादुरुस्तीने २४ महत्त्वाच्या खनिजांचे लिलाव केंद्राच्या हाती दिले. सप्टेंबर २०२५ मध्ये अशा खनिजांच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट देण्यात आली. घाईमागची कारणे मला कळतात. चीनवरील अवलंबित्व ही खरी चिंता आहे. परंतु जनसुनावणी ही जागा अशी आहे, जिथे टन आणि टक्के यांच्या पलीकडची माहिती, कोणता झरा कधी आटतो, गढूळ पाणी कोठवर येते, ही माहिती अधिकृत नोंदीत शिरते. ती जागा काढून टाकल्यावर ही माहिती नाहीशी होत नाही. ती वीस वर्षांनी न्यायालयात पोहोचते आणि तेव्हा तिची किंमत कितीतरी वाढलेली असते.

मग करावे काय? तीन गोष्टी मला तातडीच्या वाटतात. पहिली, पट्टेदार लोहस्तराच्या प्रत्येक मोठ्या रांगेचा एकत्रित विचार. कोणत्या माथ्यांवर खाण चालेल आणि कोणत्या माथ्यांवर कधीच नाही, हे लिलावापूर्वी ठरले पाहिजे. कोळशासाठी २०१० च्या सुमारास अशी ‘हो’ आणि ‘नाही’ क्षेत्रांची विभागणी करण्याचा प्रयत्न झाला होता. तो दबावाखाली सोडून देण्यात आला आणि नंतर कोळसा क्षेत्रात जे झाले ते सर्वांना माहीत आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे खडकांचे नकाशे आहेत, केंद्रीय भूजल मंडळाकडे पाण्याचे. ते एकावर एक ठेवून पाहण्याची अट घालणे अवघड नाही. राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये आणि त्यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरचा पट्टा येथे खाणकाम चालणार नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्येही कायम ठेवली आहे. पण उद्यानाची हद्द माणसाने आखलेली असते. पाणलोटाची हद्द डोंगराने.

दुसरी गोष्ट, खाणसमाप्तीची हमी हेक्टरवर न ठरवता धोक्यावर ठरवणे: पाऊस किती, उतार किती, गाळ किती आणि त्याची राखण किती वर्षे. ही रक्कम पहिला सुरुंग लागण्यापूर्वी जमा झाली पाहिजे. यासाठी परदेशाकडे पाहण्याचीही गरज नाही. बळ्ळारीतील बेकायदा खाणकाम २०११ मध्ये थांबवल्यावर सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक खाणीसाठी पुनर्वसन आराखडा, जिल्ह्यासाठी उत्पादनाची कमाल मर्यादा आणि डोंगर सावरण्यासाठी वेगळा निधी अशी चौकट घालून दिली. तिच्या अंमलबजावणीत उणिवा आहेत. तरी तिथे खाण आणि दुरुस्ती या दोन गोष्टी एका कागदावर आल्या. जे उल्लंघनानंतर सक्तीने केले, ते परवानगीपूर्वी नियमाने करता येईल.

तिसरी गोष्ट, कुद्रेमुखचा जाहीर हिशेब. लाख्याच्या धरणाची देखभाल कोणाकडे आहे, दरवर्षी तिच्यावर किती खर्च होतो, तपासणीत काय आढळते आणि खणलेल्या उतारांवर आज काय उगवले आहे, याचा वार्षिक अहवाल केंद्र आणि राज्य यांनी मिळून प्रसिद्ध करावा. ज्या कंपनीला नवा डोंगर हवा आहे, तिच्यासाठीही हे हिताचे आहे. जुन्या डोंगराची जबाबदारी नीट पार पाडल्याचा दाखला हे नव्या परवानगीसाठीचे सर्वांत चांगले प्रमाणपत्र ठरेल.

या तिन्ही गोष्टींना विरोध होईल तो मुख्यतः वेळेच्या नावाने. मंजुरीला उशीर होईल, गुंतवणूकदार थांबतील, असे म्हटले जाईल. कुद्रेमुखमध्ये मंजुरीला अजिबात उशीर झाला नव्हता. करारानंतर पाच वर्षांत खाण तयार होती. त्यानंतर कज्जे, तात्पुरत्या परवानग्या आणि भरपाईचे वाद यांत किती वर्षे गेली आणि अजून जात आहेत, याची बेरीज करून पाहावी. घाईने वाचवलेला वेळ तिथे व्याजासह परत द्यावा लागला आहे.

सारंडाची हद्द आखताना आणि देवदारीची फाइल पुन्हा उघडताना या अनुभवाचा उपयोग करता येईल. दोन्ही ठिकाणी खडक तोच आहे, आणि त्यामुळे उंची, पाऊस व उगम यांची मांडणीही बरीचशी तीच. साठा किती आणि त्यात लोहाचे प्रमाण किती, हे आकडे त्या फायलींमध्ये आधीपासून आहेत. पाणलोटाचा नकाशा आणि खाण बंद झाल्यानंतरच्या पन्नास वर्षांचा खर्च, ही दोन पाने त्यांना जोडायची आहेत. त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. निर्णय घेणाऱ्यांनी ही पाने सहीपूर्वी मागितली, तर पुढच्या डोंगराचा निर्णय न्यायालयाला करावा लागणार नाही.